हंडी उतरवू नका

शास्त्रपाठ : २ राजे ४:३८-४१, योहान २१:१-१४



आजचा शास्त्रपाठ पाहून काहींना वाटेल, निवृत्तीनंतर पाळकसाहेबांना स्वयंपाकघराचे वेड लागले की काय? तसे वाटणे अगदीच चुकीचे नाही. पाळकपणाच्या चौतीस वर्षांत आम्ही रोजच्या भाकरीसाठी देवबापाजवळ हजारो वेळा मागणे केले, इतरांकडून करविले, प्रभूच्या प्रार्थनेतील त्या मागणीवर उपदेशही पुष्कळ दिले. परंतु ती भाकर परातीतून तव्यावर कशी जाते, हे मात्र आम्हांस ठाऊक नव्हते. ते शिकण्याची पाळी आली तेव्हा आम्हांस भीती वाटली. मृत्यूच्या खाटेपाशी उभे राहताना वाटली नाही इतकी भीती आम्हांस एका पातेल्यासमोर वाटली. त्या भीतीविषयी आज बोलायचे आहे.

घडले ते असे. बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना मागील दारच्या शेवाळाविषयी सांगायला नको. त्या शेवाळावरून आमच्या मंडळींचा (येथे मंडळी म्हणजे ख्रिस्ताची मंडळी नव्हे, घरची) पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, देवाच्या कृपेने ती नीट पार पडली. परंतु तीन महिने ओट्यापुढे उभे राहायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद.

पहिले पंधरा दिवस घरोघरचे डबे आले. कुणाकडून आंबोळ्या, कुणाकडून कोंबडीचा रस्सा, एका घरून तर नाताळात करावा तसा पुलाव. त्या सर्वांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. परंतु ज्यांना नोकऱ्या आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, ज्यांच्या स्वतःच्या घरी दुखणी आहेत, त्यांनी किती दिवस पाठवावे? त्यातून मंडळींना मधुमेह आणि रक्तदाब. खाणावळीचे तेलकट-तिखट त्यांना वर्ज्य. लेक बडोद्यास असते. ती येऊन आठ दिवस राहिली आणि रजा संपताच परत गेली. सोळाव्या दिवशी सकाळी आमच्या घरात डाळ-तांदळाने भरलेले डबे होते, खाणारी दोन माणसे होती, आणि मधले काम करणारे कोणी नव्हते.

आम्ही तांदूळ धुतले, पातेल्यात घातले आणि पाणी अंदाजाने ओतले. हा अंदाज नावाचा गृहस्थ आमच्या ओळखीचा नव्हता. खालचा भात करपला, मधला गिच्च झाला, वरचा कच्चा राहिला. आम्ही पातेले उचलले, कुंपणापलीकडे रिकामे केले, छत्री घेतली आणि कोपऱ्यावरून पाव आणला. खाटेवरून मंडळी म्हणाल्या, "अहो, करपल्याचा वास आला. भात टाकलात का? वरचा वेगळा काढून घोटभर गरम पाण्यावर ठेवला असता, तर चांगला झाला असता."

आम्ही गप्प राहिलो. भूक दोघांनाही होती, आणि घरात पाच मिनिटांपूर्वी अर्धे पातेले खाण्याजोगे अन्न होते. ते टाकून आम्ही आमची फजिती लपवीत होतो. कुंपणावर जमलेल्या कावळ्यांनी ती साऱ्या कॉलनीला सांगितली, ती गोष्ट वेगळी.

दोन दिवसांनी वरण केले. मीठ घातल्याचे विसरून पुन्हा घातले. मंडळींनी निमूटपणे कालवून खाल्ले. आम्ही पहिला घास तोंडात घेतला आणि तो गिळवेना. "अगं, इतकं खारट झालंय, सांगितलं का नाहीस?" त्या म्हणाल्या, "काय सांगायचं? तुमचे हात कापत होते."

बंधुभगिनींनो, आमच्या घरी जेवणापूर्वी उपकारस्तुती होते, आणि ती करतो आम्ही. आमेन म्हणायचे, पहिला घास घ्यायचा आणि लगेच म्हणायचे, आज मीठ कमी आहे. किंवा आमटी पातळ झाली. किंवा चपात्या कालच्यासारख्या नाहीत. असा आमचा परिपाठ. देवाचे उपकार मानून अर्धा मिनिटही होत नाही, तोच त्याच्या देणगीत खोड काढायची! संसाराची अडतीस वर्षे हे चालले. आमच्या ध्यानातही नव्हते. पाप शोधायचे म्हणजे काहीतरी मोठे शोधायचे अशी आम्हां उपदेशकांची सवय असते; ताटावरचे पाप दिसत नाही. त्या दिवशी आमचे वरण खारट होते, आणि ज्यांना आम्ही अडतीस वर्षे मिठाचा हिशेब विचारला त्यांनी एक शब्दही काढला नाही.

त्या आठवड्यात नेमाच्या वाचनात राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा चौथा अध्याय आला. शूनेमच्या बाईच्या मुलाची मोठी कथा त्यात आहे. ती संपते तोच ही चार वचनांची लहानशी हकीगत येते, म्हणून ती वाचताना पुष्कळदा निसटून जाते. अलीशा गिलगालास परत आला आहे. देशात दुष्काळ आहे. संदेष्ट्यांचे शिष्य त्याच्यापुढे बसले आहेत. अलीशा आपल्या चाकराला मोठे भांडे विस्तवावर चढवून त्यांच्यासाठी कालवण शिजवायला सांगतो. दुष्काळ आणि मोठे भांडे! पुरेसे जिन्नस गोळा होऊ देत, मग लहानसे भांडे ठेवू, असे तो म्हणत नाही.

मग त्यांच्यातील एक जण भाजीपाला आणायला रानात जातो. त्याला एक रानवेल दिसते. तिची फळे तो झोळीभर आणतो, चिरतो आणि भांड्यात टाकतो. ती कसली आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुष्कळ अभ्यासकांच्या मते ती आपल्याकडे ज्याला इंद्रावण किंवा कडू वृंदावन म्हणतात ती फळे असावीत. हा वेल कोरड्या, रेताड जमिनीत पसरतो. फळ लहानशा कलिंगडासारखे गोल आणि देखणे, पण आतून जहाल कडू. त्याचे जुलाब माणसाला आडवे करतात. सारे रान वाळून गेलेले असताना ती हिरवी फळे पाहून त्या भाबड्या माणसाला केवढा आनंद झाला असेल! परत येताना तो जवळजवळ धावतच आला असेल.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपला दुधी, काकडी, दोडका हे सारे इंद्रावणाच्याच कुळातले. एखादा दुधी कडू निघतो, आणि तो कडूपणा नुसता बेचव नसतो, विषारी असतो. आपल्या देशात कडू दुध्याचा रस औषध समजून प्यायल्याने माणसे दगावली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. कडू लागणारा दुधी खाऊ नये, असेच त्यांचेही सांगणे आहे. म्हणून नवशिक्याने दुधी चिरताना एक कण जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि तो दुधी खुशाल फेकून द्यावा. तो शिजवून किंवा गूळ घालून सुधारत नाही. हंडी उतरवू नका असे आम्ही म्हणतो ते अशा दुध्याविषयी नव्हे. संदेष्टा जवळ नसताना चमत्काराची परीक्षा पाहू नये.

गिलगालास मात्र संदेष्टा होता. शिष्यांनी घास घेतला आणि भांड्यात मरण असल्याचा आकांत केला. अलीशाने पीठ मागविले, भांड्यात टाकले आणि वाढायला सांगितले. काही टीकाकारांनी ते पीठ म्हणजे ख्रिस्त आणि ते भांडे म्हणजे जग असा अर्थ लावला आहे. तरुणपणी आम्हीही लावला होता. आता तितके लांब जाण्याची गरज वाटत नाही. पिठात विष उतरविण्याचा गुण नाही; ते देवाने केले. परंतु देवाने जे वापरले ते घरात होते तेच साधे पीठ.

आणि या खेपेस आम्हांस आणखी एक दिसले, जे इतकी वर्षे दिसले नव्हते. ज्याने ती फळे आणली त्याचे नाव शास्त्राने दिलेले नाही. अहाबाचे नाव आहे, गेहजीचे आहे, हनन्या आणि सप्पीरा यांचे आहे. पण ज्याने अजाणता सगळ्यांचे जेवण बिघडविले त्याचे नाव पवित्र आत्म्याने राखून ठेवले. अलीशाने त्याला दटावल्याचाही उल्लेख नाही. कोणी आणली ही फळे, अशी चौकशी झाली नाही. भांडे ओतून दिले नाही. पीठ आले, कालवण वाढले गेले, लोक जेवले. तोही त्या पंगतीला बसून जेवला असेल. आमच्या मनात येते, दुसऱ्या दिवशी भाजी आणायला कोण गेले असेल? तोच गेला असेल तर या वेळी कोणाला तरी विचारून गेला असेल.

आम्हीही मग विचारायला गेलो.

आमच्या कॉलनीत एक वृद्ध विधवा भगिनी आहेत. त्या सगळ्यांच्याच मावशी, तशा आमच्याही. शिक्षण चौथीपर्यंत. पुष्कळ वर्षांपूर्वी घरगुती प्रार्थनासभेत दानीएलाचा अध्याय वाचताना त्या नबुखद्नेस्सराच्या नावापाशी अडखळल्या, तेव्हा आम्ही तीन वेळा त्यांना थांबवून ते नाव सुधारून घेतले होते. उच्चार शुद्ध व्हावा एवढाच हेतू, असे आम्ही स्वतःस सांगितले होते. त्या मावशींच्या दारात आम्ही रिकामी परात घेऊन उभे राहिलो.

मावशींनी हसू दाबले नाही. मोकळेपणाने हसल्या आणि मग पदर खोचून आमच्या घरी आल्या. त्यांनी आधी फडताळातील सगळ्या वाट्या काढल्या, त्यांतली एक निवडली आणि आमच्या हातात दिली. "पाळकसाहेब, आजपासून हीच वाटी. तांदूळ हिनंच, डाळ हिनंच, पाणी हिनंच. दुसरी घ्यायची नाही." अंदाज नावाच्या गृहस्थाला त्यांनी अशा रीतीने घराबाहेर काढले. आणि म्हणाल्या, तीन पदार्थ शिका, चौथा मागू नका. वरणभात, पिठले आणि भाकरी.

एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. एक वाटी तूरडाळ, तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद, चार थेंब तेल. कुकरच्या तीन-चार शिट्ट्या, आणि वाफ आपली आपण जिरेपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. मीठ डाळ शिजल्यावर, तेही आधी थोडे. चाखायचे, मग हवे तर आणखी. खारट आमटीत बटाटा टाकला की मीठ ओढले जाते असे आपण ऐकतो. मावशींचा त्यावर विश्वास नाही, आणि करून पाहिल्यावर आमचाही उरला नाही. बटाटा आपल्यापुरते खारट पाणी पितो, इतकेच. पडलेले मीठ काढता येत नाही. बिनमिठाची डाळ वाढवावी, पाणी वाढवावे, म्हणजे ते विभागून जाते. हे ऐकत असता आमचे लक्ष डाळीवरून उडाले. अडतीस वर्षांत ताटावर बोललेले शब्दही काढता येण्यासारखे नाहीत. त्या शब्दांत आता दुसरे काही घालीत राहायचे, जितके दिवस देव देईल तितके दिवस. त्या दुपारी जेवताना आम्ही मंडळींना म्हटले की तुझ्या हातच्या आमटीची आम्हांस रोज आठवण येते. त्या म्हणाल्या, "आज ताप आहे का तुम्हांला?"

पिठल्यात गुठळ्या होतात याचे कारण आम्हांस आयुष्यात प्रथमच कळले. उकळत्या पाण्यात कोरडे बेसन टाकले की दाण्याचा बाहेरचा थर तत्काळ शिजतो आणि आतले पीठ कोरडेच कोंडले जाते. मग कितीही ढवळा, ती गाठ सुटत नाही. म्हणून एक वाटी बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यायचे, हाताने गुठळ्या मोडायच्या, आणि मग फोडणीत ओतायचे. सगळे मिळून पाणी साडेतीन-चार वाट्या. फोडणीचाही क्रम असतो. तेल तापल्यावर मोहरी. ती तडतडली की जिरे, हिंग, लसूण, मिरची, कांदा. हळद शेवटी, कारण ती सर्वांत आधी जळते. कांदा चिरताना आमच्या डोळ्यांतून पाणी आले तेव्हा मावशी म्हणाल्या, पश्चात्तापाचं आहे का कांद्याचं? दोन्हीचे होते.

भाकरीविषयी जपून लिहिले पाहिजे, कारण वाचणाऱ्या भगिनी त्यातल्या जाणत्या आहेत. गव्हाच्या पिठात जो चिकट ताण असतो तो ज्वारीत नाही. म्हणून पीठ आधणाच्या पाण्याने मळायचे, म्हणजे ते थोडे शिजून धरून राहते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना फाटते; म्हणून दळण थोडे-थोडे आणावे. गोळा तळव्याने चांगला मळून घ्यायचा, खाली पीठ भुरभुरायचे, कडेकडेने थापत फिरवायचा. तव्यावर टाकल्यावर पीठ लागलेली बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकते न सुकते तोच उलटायची. आमची पहिली भाकरी शब्बाथशाळेच्या भिंतीवरील पौलाच्या प्रवासाच्या नकाशासारखी झाली. त्यात आशिया होता, ग्रीस होता, मधे समुद्रही होता. दुसरी उचलताना दुभंगली. तिसरी टाकून देऊ लागलो, तर मावशींनी मनगट धरले. "राहू द्या. नबुखद्नेस्सर म्हणता येतं, मग भाकरी का नाही येणार?"

पुष्कळ वर्षे त्यांनी ते मनात ठेवले होते! आम्ही परातीपुढे बसूनच त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "तवा तापलाय, आधी भाकरी टाका." आणि ती भाकरी फुगली. पूर्ण नव्हे, एका अंगाने, परंतु फुगली. आम्ही ती ताटलीत घालून खाटेपाशी नेली, शाळेतील बक्षीस दाखवावे तशी.

सांगायचे ते हे की, हाताला न येणारे काम शिकताना हाताआधी मान वाकवावी लागते. ज्यांना आपण शिकविले त्यांच्याकडून शिकावे लागते. आमच्या भीतीच्या तळाशी पाहिले तर अन्न बिघडण्याची भीती थोडी होती. हसू होण्याचीच भीती फार होती. सेवा करण्याची तयारी आहे असे आपण नेहमी म्हणतो. परंतु जी सेवा आपल्याला उत्तम जमते तीच देवाने मागावी, अशी आपली एक छुपी अट असते. व्यासपीठावर उभे राहून सेवा करण्यास आम्ही नेहमी सिद्ध होतो. ओट्यापुढे उभे राहण्यास देवाला आमच्या मंडळींचे हाड मोडेपर्यंत थांबावे लागले असे आम्ही म्हणणार नाही. देव हाडे मोडीत नाही. पण ते मोडले तेव्हा आमचे काय झाले, ते आम्ही लपविणार नाही.

सतराव्या शतकात पॅरिसमधील एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा एक बंधू होता. पूर्वी शिपाई होता. त्याची पत्रे आणि संभाषणे १६९१ साली तो वारल्यावर प्रसिद्ध झाली. तो रोमन पंथाचा, तरी आपल्यातील पुष्कळ पाळकांच्या कपाटांत ते लहानसे पुस्तक सापडेल. भांड्याकुंड्यांत देवाचे सान्निध्य अनुभवणारा म्हणून त्याचे उदाहरण आम्ही किती तरी वेळा दिले. परंतु एक गोष्ट सांगायची राहून जाई. स्वयंपाकघराचे काम त्याला स्वभावतः मुळीच आवडत नव्हते, आणि तरी त्याने ते पंधरा वर्षे केले. आवड असलेल्यांचीच ही गोष्ट असती तर आमच्यासारख्यांनी तिच्याकडे कशाला पाहावे?

मार्थेवर तर आम्ही किती उपदेश केले! आणि प्रत्येक उपदेशानंतर कोणा ना कोणा मार्थेच्या हातचे जेवून घरी आलो. प्रभूने मार्थेच्या स्वयंपाकाला नावे ठेवली नाहीत. तिच्या जिवाची तगमग आणि बहिणीविषयीची तक्रार एवढेच त्याने दाखविले. तसेच मार्काच्या पहिल्या अध्यायात पेत्राच्या सासूचा ताप जातो आणि ती उठून त्यांची सेवा करू लागते. फार सुंदर वचन. पण ताप उतरला नसता तर त्या चार-पाच जणांना कोणी वाढले असते, हा प्रश्न आम्हां पुरुषांस कधी पडला नाही.

प्रभूला पडला असावा. योहानाचा एकविसावा अध्याय पाहा. शिष्य रात्रभर जाळी टाकून थकलेले, ओले, रिकाम्या पोटी किनाऱ्याकडे येत आहेत. मेलेल्यांतून उठलेला, सर्व अधिकार ज्याला दिलेला आहे असा प्रभू कोळशाचा विस्तव पेटवून त्यावर मासळी भाजीत आहे. जवळ भाकर आहे. पुनरुत्थानानंतरच्या त्या थोड्या दिवसांत त्याला कितीतरी कामे असतील असे आपल्याला वाटते, आणि त्याने एक सकाळ न्याहारी करण्यात घालविली. विस्तव सरळ पेटत नाही, वाऱ्याकडे पाठ करून बसावे लागते, मासा एका बाजूने लवकर होतो, हे सारे त्याने केले असेल.

आणखी पाहा. त्याच्यापाशी मासळी आधीच होती. तरी त्याने त्यांना त्यांच्या जाळ्यातील थोडी आणावयास सांगितले. आपल्या ताटात त्यांचीही भर त्याने घालून घेतली. आणि पेत्र! या शुभवर्तमानात कोळशाच्या विस्तवाचा उल्लेख दोनदाच येतो. पहिला मुख्य याजकाच्या वाड्यातील, जेथे शेकत असता पेत्राने प्रभूला नाकारले, दुसरा हा. पेत्राला तो वास ओळखीचा वाटला असेल. प्रभूला त्याला प्रश्न विचारायचाच होता, तीन वेळा विचारायचा होता. परंतु आधी त्याने त्याला जेवू घातले. प्रश्न न्याहारीनंतर आला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांस एक विनंती. गिलगालचा हा धडा शिकविताना फळ्यावर भांडे काढून थांबू नका. एखाद्या रविवारी वर्गाला मंदिराच्या मागील अंगणात न्या आणि दहा वर्षांवरील मुलांकडून खरोखरच वरणभात करवून घ्या. विस्तव आणि सुरी यांपाशी मोठे माणूस असू द्या. तांदूळ मुलांना मोजू द्या, डाळ त्यांना निवडू द्या, आणि कृपा करून मुलग्यांना फक्त पाणी आणायला पाठवू नका. आपली मुले पुढे पुण्याला, बंगळूरला नोकरीस जातात आणि एका खोलीत पाकिटातले खाऊन दिवस काढतात. त्यांच्या आयांना हे ठाऊक असते आणि त्या फोनवर रडतात. भात करपला तर धडा अधिकच चांगला होईल. त्या वेळी कोणी कोणाला हसू नये एवढे पाहा. आणि करपला त्याचे नाव घरी जाऊन सांगू नये, हेही शिकवा. शास्त्राने ते सांगितलेले नाही.

आता आमच्या मंडळी काठी घेऊन चालतात. डॉक्टरांनी ओट्यापुढे उभे राहण्याची परवानगी दिली आहे; तरी आठवड्यातून तीन संध्याकाळी पिठले-भाकरी आमच्याकडे आहे. आमची भाकरी अजून गोल होत नाही. उपकारस्तुतीनंतर घरात कोणी मिठाविषयी बोलत नाही. मिठाची वाटी मधोमध ठेवलेली असते, ज्याला हवे त्याने घ्यावे.

मागील गुरुवारी घरगुती प्रार्थनासभा आमच्याकडे होती. बारा-तेरा जण आले होते. सभेनंतर आम्ही केलेले पिठले, भाकरी आणि भात वाढला. लोक भिडेने का होईना, जेवले. सगळे गेल्यावर एक बंधू मागे रेंगाळले. त्यांच्या पत्नी गेल्या वर्षी प्रभूकडे गेल्या. तेव्हापासून ते मंदिरात क्वचित दिसतात. प्रीतिभोजनाला तर येतच नाहीत. चहा आणि बिस्किटांवर राहतात असे ऐकून होतो. त्यांनी ताटली स्वतः विसळून ठेवली, हात पुसले, दाराकडे गेले, पुन्हा फिरले. मग आमच्याकडे न पाहता हळूच विचारले, "पाळकसाहेब, एका माणसाला भात करायचा तर पाणी किती घालायचं असतं?"

आम्ही फडताळातून मावशींची वाटी काढली आणि त्यांच्या हातात दिली. ते ती उलटसुलट करून पाहू लागले. "एक वाटी नको, एकट्याला अर्धी पुरेल," आम्ही म्हटले, "आणि पाणी याच वाटीनं एक वाटी."

आतून काठीचा आवाज आला आणि पाठोपाठ मंडळींचा. "अहो, तांदूळ नवे असतील तर पाणी थोडं कमी सांगा त्यांना."